पुढून बघावं असं घर

धुळ्याहून जळगावला येताना बसच्या खिडकीशी बसावं. पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावं येत राहतात आणि प्रत्येक गावाच्या अंगाला नवी कॉलनी चिकटलेली दिसते. तिथली घरं समोरून येतात तेव्हा डोळे दिपतात. टाइल्स, काच, नक्षीची जाळी, गॅलरीला चकचकीत स्टीलची रेलिंग. बस थोडी पुढे सरकते आणि त्याच घराची बाजू दिसते. तिथे साधं प्लास्टरसुद्धा नाही. नुसत्या विटा, विटांमधून ओघळून तसाच वाळलेला माल आणि प्लंबरने पाइप काढण्यासाठी पाडलेलं भगदाड.

घरमालकाला विचारलं की उत्तर तयार असतं. "बाजूचा प्लॉटवाला बांधीनच ना भो. मग कोन पाहतं?"

बाजूचा प्लॉटवाला पुण्यात असतो. त्याने प्लॉट घेतलाय तो भाव वाढण्याची वाट बघायला. तो बांधत नाही, विकत नाही, फिरकतही नाही. त्याच्या जागेत बाभळी वाढतात, डुकरं लोळतात आणि इकडे ती उघडी भिंत पावसाळ्यामागून पावसाळे भिजत राहते. पुढची भिंत मात्र तेवढ्या काळात तीनदा बदलून झालेली असते. आधी ग्रॅनाइटचे तुकडे, मग टेक्स्चरचा रंग, मग तो खरवडून लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या.

या पुढच्या भिंतीला आमच्याकडे एलिव्हेशन म्हणतात आणि त्याचा हिशोब घराच्या हिशोबात धरत नाहीत. घराला पैसे कमी पडले तर एक खोली कमी होते. एलिव्हेशनला कमी पडले तर बायकोच्या बांगड्या बाहेर येतात. जळगावला सोनं घ्यायला विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून लोक येतात याचा आम्हाला अभिमान आहे. इथल्या माणसाला सराफ बाजार जवळ पडतो तो मोडायला.

धुळ्याला देवपुरात आमचे साडू राहतात. मोठे साडू. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, अत्यंत काटकसरी गृहस्थ. त्यांच्या दाराला निळा ऑइलपेंट होता आणि तो घर बांधलं तेव्हाचाच होता. पावसाळ्यात दार फुगायचं, मग आतून एकाने ओढायचं आणि बाहेरून एकाने लाथ घालायची, अशी पाहुण्याच्या स्वागताची पद्धत होती. अशा माणसाने एका दिवाळीनंतर अचानक प्रवेशद्वार उठावदार करायचं मनावर घेतलं. बातमी मेव्हणीच्या फोनवरून आमच्याकडे पोचली. फोन ठेवल्यावर सौ. माझ्याशी काही बोलली नाही. ती बराच वेळ आमच्या दाराकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ संसारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

साडूंना हे या वयात का सुचलं, ते मात्र तेव्हा मला कळेना.

तसं धुळं हे दर्शनी भाग जाणणारं गाव आहे. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं, सरळ रेषेत रस्ते आखले आणि बाहेरगावचे व्यापारी, कारागीर आणून वसवले. आजही जुन्या धुळ्यात 'गल्ली नंबर चार' असा पत्ता सांगतात. (ही आखणी विश्वेश्वरय्यांनी केली असं अर्धं धुळं छातीठोकपणे सांगतं. विश्वेश्वरय्या तरुण इंजिनिअर म्हणून इकडे आले ते ब्रिग्जनंतर साठेक वर्षांनी, आणि त्यांचं काम होतं पांझरेवर, पाण्याचं. पण हे धुळेकराला त्याच्या घरात बसून सांगू नये. चहा येता येता आत जातो.)

या गल्ल्यांमधली, जुन्या जळगावातली किंवा आसोद्या-भादलीकडची जुनी धाब्याची घरं अजून थोडीफार उभी आहेत. रस्त्याला लागून कंबरेएवढा ओटा. ओट्यावर लाकडी खांब, मधोमध सागवानी चौकट. चौकटीच्या वरच्या पट्टीवर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्टी आणि एखादी पोपटांची जोडी. दाराला लोखंडी कडी, तिचा आवाज चार घरं ऐकू जाणारा. दार बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. घरात येणाऱ्याला नम्र करण्याची ती पूर्वजांची युक्ती होती असं सांगतात. मला वाटतं, लाकूड तेवढंच होतं.

या दर्शनी भागावरची खरी नक्षी सुताराने केलेली नसायची. ओट्याच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एका ओळीत काळपट गोल डाग असायचे. तेलाचे. संध्याकाळी आबा, नाना, तात्या, बापू तिथे भिंतीला टेकून बसायचे आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. दिवाळीला चुन्याचा हात फिरला की डाग झाकले जायचे आणि संक्रांतीपर्यंत त्याच ओळीत, त्याच उंचीवर पुन्हा उमटायचे. आबांचा डाग सगळ्यांत मोठा, कारण त्यांच्या मुलाचं किराणा दुकान होतं. तात्यांना टक्कल, त्यामुळे त्यांच्या डागाला कडा नीट गोल. नव्या सुनेला सासरची माणसं समजून घ्यायला आठवडाभर उंबऱ्याआड उभं राहून ही ओळ बघितली तरी पुरायचं. कापसाचा भाव, भाऊबंदकी, सोयरिकी, कोणाच्या म्हशीला काय झालं, या सगळ्याचा निकाल तिथेच लागायचा. उन्हाळ्यात त्याच ओट्यावर गोधडी टाकून झोपायचं. दार सजवायचं कोणाच्या डोक्यात येत नसे, कारण दारापुढे माणसंच इतकी असत की दार दिसत नसे.

हा ओटा गेला तो रस्त्याखाली. आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीच्या आधी रस्ता होतो आणि जुना रस्ता खरवडायची पद्धत नाही, त्याच्यावरच नवा घालतात. कंबरेएवढा ओटा आधी गुडघ्याएवढा झाला, मग घोट्याएवढा. शेवटी जुन्या गल्लीत पाहुणा दारातून आत यायचा बंद झाला आणि उतरायला लागला. पावसाळ्यात पाहुण्याच्या आधी पाणी उतरायला लागलं.

त्यावरून धडा घेऊन नवी घरं रस्त्यापासून तीन फूट वर घेतात, पुढच्या तीन निवडणुका धरून. तीन फूट वर घेतलं की मोटारसायकल चढवायला रॅम्प लागतो. हा रॅम्प गटार ओलांडून रस्त्यात येतो. समोरच्याचाही येतो. दोघांचे रॅम्प मधे एकमेकांना भेटायच्या बेतात असतात, तेवढ्यातून घंटागाडी जाते, ती तिरकी. रॅम्पला रेषा पाडलेल्या असतात, चाक घसरू नये म्हणून. त्यावरून घसरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. चाक घसरलेलं अजून पाहिलं नाही.

साडूंनी इंटिरिअरवाला एक पोरगा नेमला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, एंट्रन्सला स्टेटमेंट पाहिजे." साडूंचा जन्म कचेरीत लोकांची स्टेटमेंटं घेण्यात गेलेला. त्यांनी विचारलं, "कोणाचं?"

पोराने मग मोबाइलवर नमुने दाखवले. मुख्य दारावर मशीनने कोरलेला बुद्ध, बुद्धाच्या खाली वारली नाच. सातपुड्यात आपले पावरा आणि भिल्ल राहतात, त्यांच्या होळीच्या नाचाला लांबून लोक येतात, पण खानदेशातल्या दारावर नाचतात ते वारलीच, कारण मशीनवाल्याच्या फायलीत तेवढेच आहेत. दाराच्या बाजूला खांबाला दगडासारख्या टाइल्स, वर फॉल सिलिंग, त्यात दिवे. पायऱ्या पाच, कारण चार अशुभ. पाचवी पायरी बसेना म्हणून ती चार इंचांची केली. आता उतरताना प्रत्येक जण तिथे अडखळतो आणि साडू आतून ओरडतात, "वास्तूप्रमाणे आहे, सांभाळून!"

रेलिंगवाल्याने शपथेवर सांगितलं की स्टील तीनशेचार नंबरचं आहे, गंज धरणार नाही. साडूंनी चुंबक मागवला. चुंबक चिकटला नाही, तेव्हा साडूंचं समाधान झालं. पुढे कोणीतरी सांगितलं की दोनशेदोनलाही चुंबक चिकटत नाही. तेव्हापासून साडू सकाळी चहाचा कप घेऊन रेलिंगच्या सांध्यांवरून बोट फिरवतात आणि बोटाकडे बघतात.

बुद्धाचं दार तयार होऊन आलं, साठ हजारांचं. एवढं महागाचं दार उघड्यावर ठेवायचं कसं, म्हणून त्याच्यापुढे लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर बसवलं. आता बाहेरून दिसते ती जाळी. बुद्ध बघायचा तर आत जाऊन, दार लावून, पुन्हा अर्धवट उघडून मान वाकडी करावी लागते. याच महाराष्ट्रात शनिशिंगणापूर आहे. तिथे घरांना नुसती चौकट, दार लावायचं नाही अशी रीत, आणि 2011 मध्ये तिथे बँकेची शाखा उघडली तीही कुलपाशिवाय. सेफ्टी डोअरच्या एजंटाला शिक्षा म्हणून पाठवायचं तर त्या गावी पाठवावं.

नेमप्लेटवर सोनेरी अक्षरं, मागून उजेड. साडूंचं पूर्ण नाव, त्याखाली पदवी, त्याखाली हुद्दा, कंसात 'निवृत्त'. वर घराचं नाव 'आई-बाबांची पुण्याई'. आमच्या मुलुखात या पाटीचा उपयोग काय, ते देव जाणे. पूर्ण नावाने पत्ता विचारणारा माणूस एक तर बँकेचा वसुलीवाला असतो नाहीतर कोर्टाचा बेलीफ. त्याला शेजारी कधीच खरं सांगत नाहीत. बाकी सगळ्यांना "आप्पांचं घर" एवढं पुरतं.

इतकं करून दार सुंदर झालं की खरी काळजी सुरू होते. कोणाची नजर लागली तर? म्हणजे लाखभर रुपये दार बघणाऱ्याच्या डोळ्यात भरावं म्हणून घालायचे आणि मग ते त्याच्या डोळ्यात भरू नये याची व्यवस्था करायची. साडूंकडे चौकटीला काळी बाहुली आली, घोड्याची नाल आली, शनिवारी लिंबू-मिरची आली. गच्चीच्या कठड्याला जीभ बाहेर काढलेला राक्षसाचा मुखवटा आला. तो थेट समोरच्यांच्या खिडकीत बघतो, म्हणून समोरच्यांनीही एक आणला. आता दोघे राक्षस दिवसरात्र एकमेकांना जीभ दाखवतात आणि खाली त्यांचे मालक एकमेकांना रामराम करतात. पायरीवर निळं पाणी भरलेली बाटली ठेवली, कुत्र्यांसाठी. कुत्री निळ्याला भितात असा समज आहे. मी गेलो तेव्हा एक कुत्रं त्या बाटलीला टेकून झोपलं होतं. सावलीची तेवढीच जागा होती.

आणि ही सगळी शोभा मार्चपर्यंत. खानदेशात दर्शनी भागाचा खरा आर्किटेक्ट ऊन आहे. भुसावळ, जळगाव, धुळे, पारा पंचेचाळीसकडे सरकायला लागला की पहिला पुढे येतो कूलर. लोखंडी, पत्र्याचा, वाळ्याची किंवा गवताची ताटी लावलेला, चार पायांच्या घोडीवर बसवलेला. तो पुढच्याच खिडकीत बसतो, कारण हवा तिकडूनच येते. त्याचं पाणी दगडासारख्या टाइल्सवरून ओघळतं आणि पांढरे पट्टे सोडतं. मग पोर्चला हिरवी शेडनेट येते. ती तिकडे केळीच्या रोपांवर असते तीच, उरलेली. फॉल सिलिंगमधले दिवे त्या हिरव्या जाळीतून असे लागतात की घराला कावीळ झाल्याचा भास व्हावा.

नंतर येतात ड्रम. निळे, दोनशे लिटरचे. नळाला पाणी कधी एक दिवसाआड, कधी त्याहून लांब. आलं की रात्री दोनला. मोटर पुढे, नळ पुढे, त्यामुळे ड्रमही पुढेच. कोणत्याही डिझाइनच्या चित्रात हे ड्रम दाखवलेले नसतात आणि कोणत्याही घरापुढे ते नसतात असं होत नाही.

एप्रिलमध्ये बिबड्या. ज्वारीचं पीठ पहाटे शिजवायचं, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर थापायचं आणि दिवसभर राखण करायची. गच्चीवर चढायला बायका कुरकुरतात, गुडघे दुखतात. आणि खाली एवढा गुळगुळीत ग्रॅनाइटचा पोर्च तयार असतो! साडूंच्या पोर्चमध्ये गल्लीतल्या बायका पोळपाट घेऊन जमल्या. उडदाचे पापड लाटले, कुरडया घातल्या, रेलिंगवर शेवया वाळत टाकल्या. मेव्हणी फोनवर सौ.ला म्हणाली, "काही म्हण, त्या रेलिंगचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं."

आमच्या थोरल्या भावाकडे, चोपड्याजवळच्या गावी, प्रश्नच वेगळा. त्याच्या घराला सुंदर दार आहे, पण दिवाळीनंतर ते उघडत नाही. आत कापूस भरलेला असतो. भाव वाढेल म्हणून पुढची खोली आढ्यापर्यंत भरतात आणि मग भाव वाढायची वाट बघतात, कधी होळीपर्यंत. तोवर घरात जायचं ते मागच्या वाड्यातून, म्हशीला वळसा घालून, स्वयंपाकघरातून. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, म्हणून पाहुणेही फार वेळ बसत नाहीत. मी एकदा म्हटलं, "दादा, एवढं दार बसवलंस, निदान समोरून कापूस तरी दिसू देऊ नकोस." खिडकीच्या गजांतून तो पांढराशुभ्र बाहेर आला होता. दादा म्हणाला, "दिसू दे. या वर्षी हेच एलिव्हेशन."

श्रावणात कानबाईच्या आधी घर पुन्हा रंगतं, नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, भाऊबंद गोळा होतात. त्या वेळी साक्रीहून साडूंच्या आत्या आल्या. ऐंशी पार केलेल्या, नऊवारीत, बोलणं अस्सल अहिराणी. त्या रॅम्पवरून चढल्या, चार इंचांच्या पायरीवर अडखळल्या, जाळीआडच्या बुद्धाला हात जोडले. मग पोर्चमध्ये उभं राहून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुंड्या होत्या, पाम होता, कारंजं होतं, बंद. "हाई बठ्ठं चांगलं शे," आत्या म्हणाल्या, "पन तुम्हना घरले वट्टाच नही का व माय? मी बठू कोठे?"

त्यांच्यासाठी आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती पामपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी म्हाताऱ्या आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. आत्या साक्रीला परत गेल्या, खुर्च्या तिथेच आहेत. टाइल्सच्या खांबावर, डोक्याच्या उंचीला, काहीतरी चमकायला लागलंय असं साडू म्हणतात. पुसलं तरी जात नाही.

साडूंना हे सगळं का सुचलं याचा उलगडा डिसेंबरात झाला. मुलाचं लग्न. मुलगा पुण्यात, कंपनीत, पगार बरा, तरी सोयरीक जुळेना. आता मुलीकडचे आधी घर बघायला येतात आणि मध्यस्थाने साडूंना खासगीत सांगितलं होतं की निळं दार आणि लाथ हे कारण असू शकतं. शिरपूरचे पाहुणे येणार ठरलं. आदल्या दिवशी साडूंनी घर स्थळाच्या लायकीचं केलं. खुर्च्या हलवल्या, शेडनेट काढली, राक्षसावर टॉवेल टाकला, कारंजं सुरू केलं आणि दोन्ही ड्रम चोरून शेजाऱ्यांच्या मागच्या वाड्यात नेऊन ताडपत्रीखाली झाकले. केळीचे दोन खांब बांधले, आंब्याचं तोरण लावलं. सेफ्टी डोअर सताड उघडं ठेवून बुद्ध मोकळा केला. मी आणि सौ. सकाळपासून हजर होतो. दार खरोखर देखणं दिसत होतं, हे मी सौ.समोर बोललो नाही.

पाहुणे आले. मुलीचे वडील फोनवर बोलत बोलतच आत गेले. मुलीची आई मात्र पोर्चमध्ये थांबली. साडूंचा चेहरा खुलला. बाई बुद्धाकडे बघत नव्हत्या. त्यांनी नळ बघितला, मोटर बघितली, खाली ग्रॅनाइटवर उमटलेली दोन गोल वर्तुळं बघितली. शिरपूर म्हणजे बंधारे बांधून पाणी अडवणारा तालुका, 'शिरपूर पॅटर्न' बघायला बाहेरची माणसं येतात. तिकडच्या बाईला पाण्याच्या खुणा कळायच्या राहतात होय? त्यांनी मेव्हणीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "नळ कितला दिनमां येस? आनि पानीना ड्रम कोठे शेतस?"

मेव्हणी साडूंकडे बघायला लागली. साडू एक क्षण उभे राहिले, मग चपला न घालताच कुंपणाकडे धावले. मी मागोमाग. दोघांनी दोन्ही ड्रम गडगडत आणले आणि वर्तुळांवर वर्तुळं जुळवून उभे केले, बरोबर दिव्यांच्या खाली. बाईंनी झाकण उचललं, आत डोकावून बघितलं, बोटांनी तळाचा गाळ आहे का ते चाचपलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ शेतस." मग चहाला आत गेल्या.

लग्न एप्रिलमध्ये आहे. परवा पेंटर दारावर गणपती आणि दोन बाजूंना हत्ती काढायला येऊन गेला. त्याने साडूंना एकच विचारलं, डावा हत्ती ड्रमच्या अलीकडे घेऊ का पलीकडे.